विषय तुम्ही निवडा, ओझं आम्ही ठरवू

शासन निर्णयाचं परीक्षण लिहिण्याची आपल्याकडे पद्धत नाही. कादंबरी, कवितासंग्रह, नाटक, सिनेमा यांची परीक्षणं होतात. शासन निर्णयाची फार तर बातमी होते आणि मग तो फायलीला लागतो. पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींचा दिवस कसा जाईल हे ज्या मजकुराने ठरवलं, तो कुठल्याही लेखकाने लिहिलेला नाही. तो आहे उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशा पदव्यांचा आराखडा कसा असावा, हे त्यात सांगितलं आहे. त्यात नंतर दुरुस्त्याही झाल्या, पण सांगाडा तोच राहिला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्याने लिहिलेलं रिक्वायरमेंटचं डॉक्युमेंट वाचायचं आणि त्यात काय लिहायचं राहून गेलंय ते शोधायचं, हे माझं रोजचं काम. त्याच सवयीने हा आराखडा वाचला. त्यातला प्रत्येक शब्द 'निवड' या कल्पनेभोवती फिरतो. विद्यार्थ्याला मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा विषय घेता यावा, विज्ञानाच्या मुलाला साहित्य वाचता यावं, वाणिज्यच्या मुलीला मानसशास्त्र शिकता यावं. ही कल्पना चांगली आहे आणि ती फार आधी यायला हवी होती. दहावीच्या निकालानंतर पंधरा दिवसांत शास्त्र, कला की वाणिज्य हे ठरवून टाकायचं आणि मग जन्मभर त्या भिंतीच्या एकाच बाजूला राहायचं, या रिवाजाचं कुणीही समर्थन करू नये. त्यामुळे धोरणाच्या हेतूवर माझा आक्षेप नाही. हा मजकूर एका ठिकाणी थांबतो आणि नेमका तिथेच विद्यार्थी अडकतो, असं माझं म्हणणं आहे. काय शिकायचं याची निवड हा आराखडा देऊ पाहतो. एका वेळी किती शिकायचं, ही निवड मात्र तो देत नाही. आणि दुसरी नसेल तर पहिलीही फारशी उरत नाही.

आधी शब्दापासून सुरुवात करू. 'क्रेडिट'ला मराठीत 'श्रेयांक' हा शब्द रुळला आहे. शब्द सुंदर आहे, पण त्याच्या पाठीशी मोठा वारसा आहे. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक सांगतो. एक हिताचं, एक आवडीचं. शहाणा माणूस पहिलं निवडतो. त्या कथेत विषयनिवडीचा प्रसंगही आहे. नचिकेताने तिसऱ्या वरात मृत्यूनंतर काय होतं हे विचारल्यावर यम त्याला विषय बदलायला सांगतो. गायी माग, घोडे माग, दीर्घायुष्य माग, पण हा विषय नको. नचिकेत हटत नाही आणि त्याला हवा तोच विषय शिकायला मिळतो. कारण शिकवणारा समोर हजर आहे, विद्यार्थी एकच आहे आणि दोघांकडे वेळ आहे. या तीन गोष्टींपैकी आपल्या आराखड्यात एकीचीही हमी नाही. त्यात हमी आहे ती फक्त अंकाची.

हा अंक आला कुठून? १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हा रसायनशास्त्राचा माणूस हार्वर्डचा अध्यक्ष झाला आणि पुढची चाळीस वर्षं त्या पदावर राहिला. त्याने ठरीव अभ्यासक्रम मोडीत काढला. ग्रीक-लॅटिनची सक्ती हळूहळू गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथला विद्यार्थी जवळपास सगळे विषय स्वतः निवडू लागला. सगळेच एकच गोष्ट शिकत होते तोवर 'चार वर्षं शिकला' एवढं म्हणणं पुरत होतं. प्रत्येक जण वेगळं शिकू लागल्यावर कुणाचं शिक्षण किती झालं हे मोजायला मापाची गरज पडली. माप आलं ते मात्र वेगळ्याच दारातून. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगीने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे कुणाला द्यायचे हे ठरवायचं, तर आधी 'कॉलेज' कशाला म्हणायचं हे ठरवणं आलं. कार्नेगी फाउंडेशनने अट घातली की ज्या संस्था प्रवेशासाठी शालेय शिक्षणाची चौदा 'युनिट' मागतील त्यांनाच कॉलेज मानू. एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरात साधारण १२० तास. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी हे माप स्वीकारलं आणि कॉलेजात जायचं म्हणून शाळांनी. १९१० मध्ये त्याच फाउंडेशनसाठी मॉरिस कुक नावाच्या यांत्रिकी अभियंत्याने विद्यापीठांच्या कार्यक्षमतेवर अहवाल लिहिला आणि त्यात 'विद्यार्थी-तास' हे एकक मांडलं. कुक हा कारखान्यात घड्याळ घेऊन कामगारांच्या हालचाली मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरचा अनुयायी होता.

म्हणजे विषय निवडण्याचं स्वातंत्र्य आणि ते मोजायचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वातंत्र्य एका शिक्षणतज्ज्ञाच्या हट्टातून आलं, माप पेन्शनच्या हिशेबातून. खुद्द हार्वर्डलाही हे स्वातंत्र्य जसंच्या तसं पचलं नाही. मुलं सोपे-सोपे प्राथमिक वर्ग गोळा करतात, अशी टीका होऊ लागली. १९०९ मध्ये एलियटनंतर आलेल्या लॉवेलने एका विषयात खोली आणि बाकीच्यांत थोडा विस्तार अशी चौकट घातली. आपला 'मेजर-मायनर-ओपन इलेक्टिव्ह' हा सांगाडा त्या चौकटीचाच दूरचा नातेवाईक आहे.

आता आपल्याकडचा तक्ता पाहू. २०२३ च्या मूळ निर्णयात पहिल्या सत्राला एकूण २२ श्रेयांक आहेत. त्यातले मुख्य विषयाला सहा, तेही चार आणि दोन असे तोडून. ओपन इलेक्टिव्ह दोन अधिक दोन. मग व्यावसायिक कौशल्य दोन, कौशल्यवृद्धी दोन, भाषा दोन, मूल्यशिक्षण दोन, भारतीय ज्ञानप्रणाली दोन आणि सह-अभ्यासक्रम, म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, योग वगैरे, दोन. बेरीज बावीस. बेरीज बरोबर आहे, पण तुकडे मोजले तर ते दहा भरतात. अठरा वर्षांची मुलगी कॉलेजात येते आणि पहिल्याच सत्रात तिच्यापुढे दहा वेगवेगळ्या गोष्टी ठेवल्या जातात. त्यातल्या नऊ आठवड्याला दोन तासांच्या, प्रत्येकीची हजेरी वेगळी, अंतर्गत गुण वेगळे, असाइनमेंट वेगळी. कॉलेजातली मुलं या तुकड्यांना त्यांच्या आद्याक्षरांनीच ओळखतात. ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. विषयाचं नाव विचारलं तर थोडं आठवावं लागतं.

माझ्या क्षेत्रात एक साधी गोष्ट नवख्यालाही लवकर कळते. आठ तासांचं एक काम आणि एकेका तासाची आठ कामं यांना सारखा वेळ लागत नाही. एका कामातून डोकं काढून दुसऱ्यात घालायला जो वेळ जातो तो कुठल्याही टाइमशीटमध्ये दिसत नाही, पण तो जातोच. श्रेयांकाच्या तक्त्यात हा खर्च शून्य धरला आहे. दोन श्रेयांकांचे दोन विषय म्हणजे चार श्रेयांकांचा एक विषय, असं गणित तक्ता मांडतो. ज्याने एका महिन्यात पाच विषयांची 'सबमिशन' दिली आहेत त्याला हे गणित चुकीचं आहे हे सांगावं लागत नाही.

या दहातलं विद्यार्थ्याने खरोखर निवडायचं काय? मुख्य विषय प्रवेशाबरोबर ठरतो. व्यावसायिक कौशल्य मुख्य विषयाला जोडलेलं. भारतीय ज्ञानप्रणाली आणि मूल्यशिक्षण हे नावाप्रमाणे ठरलेले. भाषेत आणि सह-अभ्यासक्रमात थोडी मोकळीक. उरतं ते ओपन इलेक्टिव्ह. ते मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचंच घ्यायचं, असा नियम आहे. हा आराखड्यातला सगळ्यात धाडसी आणि चांगला नियम. सगळ्या निवडीचं ओझं याच्या चार श्रेयांकांवर आहे. म्हणून तो प्रत्यक्षात कसा उतरतो हे नीट पाहायला हवं.

तो उतरतो वेळापत्रकात, आणि वेळापत्रक ही भोळीभाबडी गोष्ट नव्हे. समजा कॉलेजात ओपन इलेक्टिव्हचे आठ पर्याय आहेत आणि मायनरचे सहा. मुलांच्या निवडीच्या ४८ जोड्या होऊ शकतात. ज्या दोन विषयांना एक जरी विद्यार्थी सामाईक असेल ते दोन विषय एकाच वेळी ठेवता येत नाहीत. त्यात खोल्या मोजक्या, प्रयोगशाळा एक, आणि प्राध्यापकही एका वेळी एकाच वर्गात. १९७६ मध्ये एव्हन, इताई आणि शमीर या तिघांनी सिद्ध केलं की वेळापत्रकाचा हा प्रश्न त्या कुप्रसिद्ध वर्गातला आहे ज्याचं झटपट उत्तर काढायची कुठलीच सर्वसाधारण रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. यातला शमीर म्हणजे आपले बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या 'आरएसए' पद्धतीच्या नावातला 'एस'. मोठी विद्यापीठं या कामासाठी सॉफ्टवेअर वापरतात, आणि तरीही तडजोड करतात. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा एखादे ज्येष्ठ प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत एक्सेलमध्ये करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते जे करतात तेच कुणीही शहाणा माणूस करेल. सगळी ओपन इलेक्टिव्ह एकाच तासाला टाकायची, सकाळी पहिल्या तासाला किंवा शनिवारी. मग टक्कर होण्याचा प्रश्नच येत नाही.

पण एकाच तासाला किती विषय चालवता येतील हे त्या वेळी मोकळ्या असलेल्या शिक्षकांवर ठरतं. इथे दुसरा हिशेब सुरू होतो, त्याचं नाव 'वर्कलोड'. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास शिकवावं, असा नियम आहे. तास भरले तर पद टिकतं, न भरले तर पद 'सरप्लस' होतं. ज्या विभागाकडे मुख्य विषयाची मुलं कमी, त्या विभागासाठी ओपन इलेक्टिव्ह म्हणजे जगण्याचा आधार. तत्त्वज्ञान, मराठी, इतिहास, अगदी भौतिकशास्त्रसुद्धा. त्यामुळे कुठली ओपन इलेक्टिव्ह यादीत यावीत हे मुलांच्या ओढीपेक्षा विभागांच्या गरजेवर ठरतं. या गरजेलाही मी हसणार नाही. पण निवड खरोखर कोण करतंय, हे तरी स्पष्ट म्हणावं. आणि जिथे कायम पद नाही तिथे हा तास घ्यायला येतात 'तासिका तत्त्वा'वरचे प्राध्यापक. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. श्रेयांक नावाचं माप जन्माला आलं ते प्राध्यापकांना म्हातारपणी पेन्शन मिळावी म्हणून. एकशेवीस वर्षांनी तेच माप आपल्याकडे राबवत आहेत ती माणसं, ज्यांच्या उन्हाळ्याच्या पगाराचीही सोय नाही. पुढच्या वर्षी ते असतील की नाही हे त्यांनाच माहीत नसतं. मग यादीतला विषय पुढच्या वर्षी असेल, असं विद्यार्थ्याला कोण सांगणार?

माझी मामेबहीण एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. तिला कविता वाचायची आवड आहे. ओपन इलेक्टिव्हला तिच्यासमोर मराठी साहित्य आणि बँकिंग असे दोन पर्याय आले. मी फोनवर उत्साहाने म्हटलं, मग काय, मराठी घे. ती म्हणाली, "दादा, मराठी साडेसातला आहे. आमच्या गावची पहिली एसटी कॉलेजच्या फाट्याला आठ वाजता पोचते. बँकिंग दुपारी आहे." तिने बँकिंग घेतलं. कागदावर याची नोंद अशी होईल की, विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनीने वाणिज्य शाखेचा विषय स्वेच्छेने निवडला. आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा एक आकडा वाढला. खरं तर तिने एसटी निवडली होती.

माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी ही निवड लोकशाही मार्गाने व्हायची. यादीत चार इलेक्टिव्ह, वर्गात साठ-सत्तर मुलं, गुगल फॉर्म. ज्याला जास्त मतं तो विषय चालणार, बाकीचे 'पुरेशी संख्या नाही' म्हणून बंद. बहुमताने ठरलेला ऐच्छिक विषय अल्पमतातल्यांसाठी सक्तीचा असतो. आणि बहुमत कशाला मिळायचं? ज्याच्या जुन्या प्रश्नपत्रिका सहज मिळतात आणि ज्याचं गाइड बाजारात आलंय त्याला. मुलं आळशी असतात म्हणून असं होतं, हे स्पष्टीकरण सोपं आहे आणि मला ते पटत नाही. सगळा वेळ आधीच भरलेला असताना माणूस नव्या गोष्टीत सर्वात कमी खर्चाची वाट निवडतो, आणि ते समजण्यासारखं आहे. एलियटच्या हार्वर्डमध्येही तेच झालं होतं. निवडीत धाडस करायचं तर वेळ मोकळा लागतो. मोकळा वेळ तर आपण देतच नाही.

किती वेळ देतो, तेही मोजून पाहू. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे शिकण्याचे ३० तास. त्यात वर्गातले तास आले आणि घरी बसून केलेला अभ्यासही आला. २२ श्रेयांकांचे ६६० तास. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला ४४. दुसरीकडे शासन निर्णय सांगतो की, थिअरीच्या एका श्रेयांकाला किमान १५ तास शिकवणं आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला किमान ३०. समजा २२ पैकी ६ श्रेयांक प्रात्यक्षिकाचे. मग आठवड्याला वर्गातले तास झाले १६ अधिक १२, म्हणजे २८. स्वतःच्या अभ्यासाला उरले १६, आणि ते दहा विषयांत वाटायचे. एका विषयाला आठवड्याला तास-दीड तास. ज्या बदलाने मुलांना पाठांतरातून बाहेर काढायचं होतं, त्याने वाचायला, चुकायला, पुन्हा करायला एवढाच वेळ ठेवला आहे.

इथून अमेरिकेत एम.एस. करायला गेलेल्या मित्रांना पहिला धक्का याच जागी बसतो. इथे एका सत्रात पाच थिअरी आणि तेवढ्याच प्रात्यक्षिकांची सवय असलेली मुलं तिथे पाहतात की पूर्ण वेळ विद्यार्थ्याला सत्राला साधारण नऊ श्रेयांक, म्हणजे तीन विषय. पहिल्या आठवड्यात वाटतं, एवढंच? चौथ्या आठवड्यात झोप उडते. कारण तिथल्या व्याख्येनुसार एका श्रेयांकाला वर्गात आठवड्याला एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तास अभ्यास अपेक्षित आहे. पदवीचा विद्यार्थी सत्राला १५ श्रेयांक घेतो तेव्हा १५ तास वर्गात आणि ३० तास स्वतःचे. एकूण ४५. आपले ४४. कागदावर दोघांचं ओझं सारखंच. फरक आहे तो त्यातला किती वेळ विद्यार्थ्याचा स्वतःचा आहे यात. आणि आणखी एक फरक आहे. तिथे सत्राच्या सुरुवातीला काही दिवस विषय घेऊन पाहता येतो, नाही जमला तर सोडता येतो, दुसरा घेता येतो. बारा श्रेयांक घ्यायचे की अठरा, हे एका मर्यादेत स्वतः ठरवता येतं. तिथे सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. प्रत्येक श्रेयांकाचे पैसे मोजावे लागतात आणि अनेकांच्या डोक्यावर जन्मभराचं कर्ज बसतं. पण आपण त्यांचं माप उचलताना त्या मापासोबत चालणारं 'सोडण्याचं बटण' तिथेच ठेवून आलो.

आपल्याकडे सोडण्याची सोय नाही असं नाही. तिचं नाव एटीकेटी. परीक्षेच्या आधीच्या 'पीएल'मध्ये हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून ठरतं, 'एम-थ्री पुढच्या वेळी बघू.' हा निर्णय पुष्कळदा अत्यंत विचारपूर्वक घेतलेला असतो. पाच विषय आहेत, दिवस वीस आहेत, चार नीट करू, पाचवा बाजूला ठेवू. जगात कुठल्याही चांगल्या प्रोजेक्ट मॅनेजरने हेच केलं असतं. फरक इतकाच की, आपल्याकडे विषय बाजूला ठेवायचा तर त्यात नापास व्हावं लागतं. ओझं कमी करण्याचा अधिकृत मार्ग नाही, म्हणून अनधिकृत मार्ग गुणपत्रिकेवर डाग होऊन उमटतो, कॅम्पस प्लेसमेंटच्या फॉर्ममध्ये 'लाइव्ह बॅकलॉग' म्हणून विचारला जातो आणि घरी लपवला जातो. वर्ष गेलं की 'वायडी लागला'. एका मुलाने एका सत्रात पाचऐवजी चार विषय नीट शिकायचं ठरवलं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपल्या भाषेत शरमेशिवाय दुसरा शब्द नाही.

नव्या धोरणात 'मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट' आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं आणि नंतर परतही येता येतं. म्हणजे धोरण सोडून जाणाऱ्याचा विचार करतं. सावकाश चालू पाहणाऱ्याचा विचार त्यात बराच उशिरा आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सत्राला कमी श्रेयांक घेऊन पदवी जास्तीत जास्त दोन सत्रांनी लांबवण्याच्या पर्यायाला मान्यता दिली. तशीच लवकर संपवण्यालाही. हे पाऊल योग्य दिशेचं आहे. पण विषय जर वर्षातून एकाच सत्रात शिकवला जाणार असेल, ओपन इलेक्टिव्ह एकाच तासाला असेल आणि पुढच्या वर्षी तो शिकवायला माणूस असण्याची खात्री नसेल, तर या सत्रात मागे ठेवलेला विषय उचलायचा कधी? वेळापत्रक ज्याला परवानगी देत नाही ते धोरण देऊ शकत नाही.

आणि ओझं तर फक्त विषयांचं नसतंच. मराठी कादंबरीने हे शिक्षण खात्याच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. १९६३ मध्ये आलेल्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो. त्याला दमवतात ती वसतिगृह, मेस, मित्र, पैसे आणि घर. अभ्यासक्रम या सगळ्याच्या मागे कुठेतरी उभा असतो. साताऱ्यात १९४७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी सुरू केलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मुलं काम करून शिकत, आणि 'कमवा आणि शिका' ही कल्पना पुढे विद्यापीठांच्या योजनांतही आली. श्रम हे शिक्षणाच्या आड येत नाहीत, हे या परंपरेने दाखवलं. पण त्या परंपरेचं एक गृहीत होतं. श्रम करणाऱ्या मुलाचा दिवस वेगळा आखायला हवा, हे चालवणाऱ्यांना ठाऊक होतं. आजच्या तक्त्यात मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी बसणारा मुलगा, बदलापूरहून लोकलने येणारी मुलगी आणि कॉलेजच्या शेजारी राहणारा मुलगा या तिघांपुढे तेच बावीस आहेत.

सर्व्हर चालवणाऱ्या कुणालाही विचारा. यंत्र शंभर टक्के भरून चालवायचं नसतं. क्षमता पूर्ण भरत आली की रांग हळूहळू वाढत नाही, एकदम फुगते आणि एक छोटा अडथळा सगळं बंद पाडतो. म्हणून शिल्लक जागा मुद्दाम ठेवायची असते. विद्यार्थ्याच्या आठवड्यातही ताप येतो, शेतावर काढणी येते, घरात लग्न येतं. बावीस श्रेयांकांचा तक्ता या शिल्लक जागेला वाया गेलेला वेळ समजतो. माझ्या मते परीक्षणाचा मुख्य निष्कर्ष हाच आहे. या मजकुराची कल्पनाशक्ती विषयांच्या बाबतीत उदार आहे आणि वेळेच्या बाबतीत कंजूष.

तो सुधारायला फार मोठं काही लागत नाही. पहिल्या सत्रातले दहा तुकडे पाच-सहावर आणले, दोन-दोन श्रेयांकांचे जोडून चार-चारचे केले, तर बेरीज तीच राहील आणि मुलांना एखाद्या विषयात बुडी मारता येईल. विषय सुरू झाल्यावर दोन आठवडे बदलण्याची मुभा आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत गुणपत्रिकेवर डाग न पडता एक विषय पुढे ढकलण्याची मुभा दिली, तर एटीकेटीचं निम्मं काम सन्मानाने होईल. आणि जो शिक्षक हा विषय शिकवणार त्याला निदान तीन वर्षांची नेमणूक दिली, तर पुढे ढकललेला विषय पुढे सापडेल. यातलं शेवटचं सगळ्यात खर्चिक आहे, आणि त्याच्याशिवाय पहिली दोन टिकणार नाहीत.

तोवर जून महिन्यात ज्यांच्या घरी प्रवेशाचा फॉर्म भरला जाईल त्यांनी कॉलेजच्या खिडकीवर ओपन इलेक्टिव्हची यादी मागण्याआधी वेळापत्रक मागावं. यादीतला प्रत्येक विषय किती वाजता आहे, गेल्या वर्षी तो खरोखर चालला का, तो शिकवायला कोण आहे, आणि तिसऱ्या आठवड्यात बदलता येईल का. या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली तर समजावं की इथे निवड आहे. न मिळाली तरी फॉर्म भरावाच लागेल, पण निदान आपण काय भरतोय ते माहीत असेल. आणि दिवाळीनंतर मुलाने घरी येऊन सांगितलं की, या वेळी चारच विषय नीट केले आणि पाचवा पुढे ठेवला, तर ओरडण्याआधी त्याचं गणित एकदा ऐकून घ्यावं. ते बहुधा तक्त्यापेक्षा बरोबर असेल.